लायसन्स कुणाच्या नावावर, एजन्सी कुणाच्या जिवावर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. वय ४६. पंधरा वर्षं आयटीत टेस्टिंगचं काम केलं, गेल्या वर्षी नोकरी गेली. मधल्या काळात पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं दोन वर्षं घरीच केलं, मग सव्वा वर्ष एका ॲडल्ट डे केअर सेंटरमध्ये पगारी अर्धवेळ काम केलं. आता त्यांना होम हेल्थ केअर एजन्सी काढायची आहे. बचत ९० हजार डॉलर. एका सल्लागाराने १८ हजारांचं 'रेडी पॅकेज' देऊ केलं आहे: कंपनी, पॉलिसीची म्हणजे एजन्सीच्या नियमावलीची फाइल, राज्याचं लायसन्स, मेडिकेअर नंबर (मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याकडून पैसे घेता यावेत म्हणून) आणि कागदावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून एक नर्स, सगळं तीन महिन्यांत. त्याला एक हजार डॉलर टोकन देऊनही झालं आहे. दुसरा पर्याय म्हणजे मेडिकेअर नंबर असलेली एक लहान एजन्सी विकत घेणं. पती इंटर्नल मेडिसिनचे डॉक्टर आहेत आणि म्हणतात, ‘पेशंटची काळजी नको, माझ्याच प्रॅक्टिसमधून महिन्याला दहा येतील.’ भगिनी विचारतात: पॅकेज घेऊ, की चालती एजन्सी?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लायसन्स, नंबर, पॅकेज हे शब्द त्यात ओळीओळीला आहेत, पण सकाळी सहा वाजता पेशंटच्या दारात उभी राहणारी केअरगिव्हर कुठेच नाही. म्हणून पॅकेज की खरेदी हे ठरवण्याआधी थोडं मागे जाऊ या. दोन्ही पर्यायांमागे तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, की एजन्सी म्हणजे मेडिकेअरची एजन्सी. तसं असायलाच हवं असं नाही. तुमच्या बाबतीत तर ते नसलेलंच बरं.

टेक्सासमध्ये घरी जाऊन सेवा देणाऱ्या एजन्सीला राज्याच्या हेल्थ अँड ह्युमन सर्व्हिसेस कमिशनचं, म्हणजे एचएचएससीचं लायसन्स लागतं. हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतली सेवा, बाजूला ठेवलं तर त्यात तीन कॅटेगरी उरतात. पहिली पर्सनल असिस्टन्स सर्व्हिसेस, म्हणजे पीएएस: आंघोळ, कपडे, जेवण भरवणं, खुर्चीतून पलंगावर घेणं, डायपर बदलणं, सोबत. दुसरी लायसन्स्ड होम हेल्थ: नर्स, फिजिओथेरपिस्ट, ड्रेसिंग, इंजेक्शन, पण मेडिकेअरशिवाय. तिसरी लायसन्स्ड अँड सर्टिफाइड होम हेल्थ: तीच कामं, मेडिकेअरच्या पैशांतून. तुम्ही सासूबाईंचं जे केलं ते पहिल्या कॅटेगरीतलं आहे. सल्लागार तुम्हाला विकतोय ती तिसरी.

आता ॲडमिनिस्ट्रेटर कोण होऊ शकतो ते पाहा. पुढचं सगळं गणित त्यावरच बसतं. होम हेल्थच्या दोन्ही कॅटेगऱ्यांसाठी तो डॉक्टर, रजिस्टर्ड नर्स, थेरपिस्ट, सोशल वर्कर किंवा नर्सिंग होम ॲडमिनिस्ट्रेटर असावा लागतो, शिवाय आरोग्यक्षेत्रात एक वर्ष देखरेखीचा अनुभव हवा. यातलं काहीच नसेल तर हायस्कूल पास आणि आरोग्यक्षेत्रात दोन वर्षं मॅनेजर किंवा सुपरवायझर. आयटीतली टीम लीडची वर्षं यात धरली जात नाहीत. फक्त पीएएससाठी मात्र हायस्कूल आणि अपंग किंवा परावलंबी माणसांची काळजी घेण्याचा एक वर्षाचा अनुभव किंवा प्रशिक्षण पुरतं. डे केअरमधलं तुमचं सव्वा वर्ष इथे कामाला येतं. तिथून अनुभवाचं पत्र आजच मागून घ्या. त्यात नुसतं ‘येथे काम केले’ नको. कामाच्या तारखा, आठवड्याचे तास, आणि कुणाला उठवत-बसवत होतात, कुणाला भरवत होतात ते स्पष्ट लिहिलेलं हवं.

म्हणजे पीएएसच्या एजन्सीच्या ॲडमिनिस्ट्रेटर तुम्ही स्वतः होऊ शकता. बाकी दोन्हींत तुम्ही नुसत्या मालक असाल आणि रोजचा कारभार कायद्याने दुसऱ्या कुणाच्या हातात असेल. 'कागदावरची नर्स' हे प्रकरण इथूनच सुरू होतं. ॲडमिनिस्ट्रेटर रोजच्या कारभाराला जबाबदार असतो. सर्वेअर, म्हणजे एजन्सी तपासायला येणारा अधिकारी, आल्यावर ती नर्स हजर नसेल, किंवा ‘मंगळवारी कोण कुणाकडे गेलं’ याचं उत्तर तिला देता आलं नाही, तर लेखी ठपका एजन्सीवर येतो. महिनाभराने तिने राजीनामा टाकला की तुमच्याकडे लायसन्स उरतं आणि ते चालवायला पात्र माणूस उरत नाही. अशा नर्सेस एकाच वेळी तीन-चार ठिकाणी नाव देऊन बसलेल्या असतात, हेही ध्यानात असू द्या.

आता तुमच्या यजमानांच्या भरवशाकडे येऊ. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हेच वाक्य सगळ्यात महागात पडणारं आहे. होम हेल्थ ही मेडिकेअरच्या लेखी 'डेझिग्नेटेड हेल्थ सर्व्हिस' आहे. डॉक्टरचा किंवा त्याच्या जवळच्या नातलगाचा ज्या एजन्सीत आर्थिक हितसंबंध आहे तिथे तो मेडिकेअरचा पेशंट पाठवू शकत नाही. याला स्टार्क लॉ म्हणतात, आणि जवळच्या नातलगांत पहिलं नाव बायकोचं. इथे हेतू पाहिला जात नाही. चुकून पाठवला तरी त्या पेशंटचे घेतलेले पैसे परत करावे लागतात. त्याच्या जोडीला अँटी-किकबॅक कायदा आहे. मेडिकेअर किंवा मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा) पेशंटच्या बदल्यात पैसे, भेट, जेवणावळ, कसलीही देवघेव हा फौजदारी गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद. खासगी पैसे देणाऱ्या पेशंटना हे लागू नाही असं कुणी सांगेल, पण टेक्सासचा पेशंट सॉलिसिटेशन कायदा पैसे कोण देतंय हे विचारत नाही. ‘एक आजी मिळवून दिल्या तर दोनशे डॉलर’ ही मंडळाच्या स्नेहसंमेलनात सहज होणारी बोलणी त्यात बसतात. पैसे घेणाराही अडकतो.

डॅलसमध्ये तर हे सगळं भिंगातून पाहिलं जातं, आणि त्याला कारण आहे. इथल्याच एका डॉक्टरला पेशंटना होम हेल्थची गरज असल्याची खोटी सर्टिफिकेट दिल्याच्या, सुमारे ३७.५ कोटी डॉलरच्या प्रकरणात २०१७ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. २०१४ च्या सुरुवातीपासून डॅलस आणि ह्यूस्टन भागात मेडिकेअरने नव्या होम हेल्थ एजन्सी घेणंच बंद केलं होतं, २०१६ मध्ये ती बंदी अख्ख्या टेक्सासवर आली आणि जानेवारी २०१९ मध्ये उठली. अशी बंदी पुन्हा येऊ शकते. मेडिकेअरचा विचार कधी केलात तर अर्ज भरण्याच्या दिवशी ती आहे का हे आधी बघायचं.

यजमानांनी काय करावं? तुमच्या एजन्सीचं पत्रक त्यांच्या क्लिनिकच्या काउंटरवर ठेवू नका, त्यांच्या पेशंटची यादी तुमच्या कॉम्प्युटरवर आणू नका, आणि एका तासासाठी आरोग्यक्षेत्रातल्या वकिलाकडे दोघांनी मिळून जा. घर घेताना कागद बघणारा वकील इथे चालणार नाही.

मेडिकेअरचं 'तीन महिन्यांत' कसं खोटं आहे तेही पाहू. राज्याचं लायसन्स मिळाल्यावर ८५५ए हा नावनोंदणीचा फॉर्म मेडिकेअरच्या कंत्राटदाराकडे जातो. टेक्सासच्या होम हेल्थसाठी तो पामेटो जीबीए. २०२५ ची अर्ज फी ७३० डॉलर होती, पण ती किरकोळ. पहिले तीन महिने एजन्सी चालेल इतकी रक्कम खात्यात दाखवावी लागते आणि त्यातली निम्मी उसनवारीची चालत नाही. मग सर्टिफिकेशनचा सर्वे. राज्याच्या सर्वेअरच्या यादीत नव्या एजन्सी तळाला असतात, म्हणून बहुतेक लोक एसीएचसी, चॅप किंवा जॉइंट कमिशन या मान्यता देणाऱ्या खासगी संस्थांपैकी एकीला पैसे देऊन सर्वे करून घेतात. त्या दिवसापर्यंत किमान दहा पेशंटना नर्सिंग-थेरपीची खरी सेवा दिलेली हवी आणि सर्वेच्या वेळी त्यातले सात चालू हवेत. सर्वे पास होण्याआधीच्या दिवसांचे पैसे मेडिकेअर मागाहून देत नाही. नर्सचा पगार, थेरपिस्टची भेट, पेशंटच्या तपासणीची 'ओएसिस' माहिती पाठवणारं सॉफ्टवेअर, सगळं खिशातून. तुमचे ९० हजार इथे पाण्यासारखे जातील.

तुमच्या मनात ग्राहक म्हणून आपलीच माणसं आहेत: फ्रिस्को-प्लॅनोमधले मराठी, गुजराती, तेलुगू आई-बाबा. पण त्यांच्यातले किती जण मेडिकेअरवर आहेत? पासष्टीनंतर ग्रीन कार्डावर आलेल्या आईला अमेरिकेत सलग पाच वर्षं झाल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांचा तर प्रश्नच नाही, त्यांच्या प्रवास विम्यात घरी बाई ठेवण्याचा खर्च बसत नाही. आणि ज्यांच्याकडे मेडिकेअर आहे त्यांनाही घराबाहेर पडणं अवघड असेल आणि नर्स-थेरपिस्टची गरज असेल तरच, तेही ठरावीक भेटींपुरतं होम हेल्थ मिळतं. दिवसभर सोबत, आंघोळ, वरण-भात मऊ करून भरवणं, संध्याकाळी अंगणात फेरी, नुसत्या एवढ्यासाठी मेडिकेअर पैसे देत नाही. ते मुलं खिशातून देतात, किंवा लाँग टर्म केअर इन्शुरन्स असेल तर त्यातून. म्हणजे ज्या कामाला आपल्या लोकांत मागणी आहे आणि जे तुम्हाला येतं, ते काम पीएएसचंच आहे.

चालती एजन्सी विकत घेण्याबद्दल एकच गोष्ट सांगते, ती पुरेशी आहे. मेडिकेअरचा ३६ महिन्यांचा नियम. एजन्सीची नावनोंदणी झाल्यापासून किंवा आधीचा मोठा मालकीबदल झाल्यापासून ३६ महिन्यांच्या आत निम्म्याहून जास्त मालकी बदलली, तर काही अपवाद सोडता नंबर नव्या मालकाकडे येत नाही. नव्याने अर्ज, नव्याने सर्वे. विकणारा ‘फक्त दोन वर्षं जुनी, एकदम क्लीन’ असं सांगत असेल तर नेमकं तेच कारण आहे न घेण्याचं. शिवाय करार कसा लिहिला आहे त्यावर जुन्या मालकाच्या चुकीच्या बिलांची वसुलीही तुमच्या गळ्यात येऊ शकते.

तर मग पीएएस. रस्ता असा.

आधी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, फी ३०० डॉलर. मग आयआरएसकडून, म्हणजे केंद्रीय कर खात्याकडून, ईआयएन हा कंपनीचा कर-क्रमांक, तो फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. कंपनीचं नाव एलएलसीच्या कागदावर, ईआयएनच्या पत्रावर, ऑफिसच्या भाडेकरारावर आणि अर्जात अक्षरशः एकच हवं. एका ठिकाणी स्वल्पविराम आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरून कागद परत येतात आणि आठवडे जातात.

त्यानंतर एचएचएससीचं प्रीसर्वे प्रशिक्षण. ते ऑनलाइन आहे, आणि तुम्ही व तुमची पर्यायी ॲडमिनिस्ट्रेटर, दोघींनीही अर्जाआधी पूर्ण करायचं. हो, पर्यायी ॲडमिनिस्ट्रेटर लागतेच, तुमच्याइतक्याच पात्रतेची, लेखी नेमणूक करून. बहुतेकांचं गाडं इथे अडतं. बहिणीचं किंवा शेजारणीचं नाव टाकायचा मोह होतो. तुम्ही भारतात तीन आठवडे गेलात तर एजन्सी तिलाच चालवायची आहे, हे डोळ्यांपुढे ठेवून निवडा. डे केअरमधली एखादी जुनी सहकारी बघा. पहिल्यांदाच ॲडमिनिस्ट्रेटर होणाऱ्याला २४ तासांचं प्रशिक्षण आहे: ८ तास नेमणुकीआधी, उरलेले १६ पहिल्या बारा महिन्यांत. नंतर दर वर्षी १२ तास.

अर्ज 'ट्युलिप' या राज्याच्या पोर्टलवर. लायसन्स फी २,६२५ डॉलर, तीन वर्षांसाठी, परत न मिळणारी. ऑफिसचा पत्ता खरा लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही. घरातून सुरू करायचा विचार असेल तर आधी शहराचे आणि एचओएचे (घरमालकांच्या सोसायटीचे) नियम वाचा. ऑफिसची जी वेळ तुम्ही जाहीर कराल त्या वेळेत सर्वेअर न कळवता येणार. ऑफिस बंद दिसलं तर दोन तासांत कुणीतरी येऊन दार उघडायला हवं. म्हणून नऊ ते पाच लिहिण्याआधी विचार करा. दहा ते दोन लिहून दहा ते दोन खरोखर बसणं जास्त शहाणपणाचं.

लायसन्स हातात आलं की घड्याळ सुरू होतं. सहा महिन्यांच्या आत निदान एक क्लायंट घेऊन, त्याला प्रत्यक्ष सेवा देऊन, ‘आम्ही सर्वेला तयार आहोत’ हे २०२० नंबरच्या फॉर्मवर कळवायचं. पॅकेजवाले लायसन्स देऊन मोकळे होतात. पाचव्या महिन्यात क्लायंट नाही, केअरगिव्हर नाही, आणि त्यांचा फोन लागत नाही, ही नेहमीची गत.

सर्वेत अडचण कुठे येते? बहुतेकदा दोन ठिकाणी.

पहिली जागा म्हणजे केअरगिव्हरची फाइल. टेक्सासमध्ये नेमणुकीआधी डीपीएसची (राज्याच्या पोलीस खात्याची) गुन्हे नोंद तपासणी, नर्स एड रजिस्ट्री आणि एम्प्लॉयी मिसकंडक्ट रजिस्ट्री, या तिन्ही बघाव्या लागतात. शेवटच्या दोन दर वर्षी पुन्हा. आता सर्वेअर फाइल कशी वाचते ते पाहा. ती आधी टाइमशीट घेते: पहिली शिफ्ट ३ तारखेला. मग रजिस्ट्रीच्या प्रिंटचा कोपरा बघते: ५ तारीख. संपलं. त्या बाईंचं नाव रजिस्ट्रीत नव्हतंच, काम उत्तम होतं, आजी खूश होत्या, यातलं काही मोजलं जात नाही. दोन दिवस तपासणीशिवाय माणूस घरात पाठवलात, हा दोष लिहिला जातो. हे होतं कसं? शुक्रवारी संध्याकाळी रडवेल्या मुलाचा फोन येतो, ‘उद्यापासून कुणीतरी द्या हो’, आणि आपण कागद सोमवारी करू म्हणतो. त्यावर उपाय एकच: क्लायंट यायच्या आधीच चार-पाच जणींच्या फाइल पूर्ण करून ठेवायच्या, आणि प्रिंटवर तारीख दिसते आहे ना ते बघूनच पान आत लावायचं.

दुसरी जागा पॉलिसीची फाइल. विकत घेतलेल्या फाइलमध्ये दोनशे-तीनशे पानं असतात आणि ती बऱ्याचदा मोठ्या होम हेल्थ एजन्सीची असतात. त्यात कुणीतरी लिहिलेलं असतं की दर क्लायंटकडे सुपरवायझर दर १४ दिवसांनी जाईल. नियम तुमच्याकडून तेवढं मागत नसेलही, पण तुमच्याच पॉलिसीत आहे आणि तुम्ही गेला नाहीत, तर तो दोष तुमचा. म्हणून फाइल पातळ ठेवा. स्वतः लिहा, जे करणार तेच लिहा. पंधरा वर्षं तुम्ही लोकांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लिहिलंय एक आणि चालतंय दुसरंच’ हेच शोधत होतात. इथेही तेच काम आहे.

फाइलमधली दोन प्रकरणं मात्र मनापासून लिहा. एक, छळ, हेळसांड किंवा लुबाडणुकीचा संशय आला तर २४ तासांत राज्याला कळवणं. केअरगिव्हरला हे तोंडी पाठ हवं, आणि संशय घरच्या माणसांवर असला तरी ते लागू आहे, हेही तिला माहीत हवं. आपल्या घरांत ‘मुलगा आईवर ओरडतो, पण घरचा मामला’ म्हणून सोडून देतात. दोन, आपत्कालीन योजना. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली होती. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, हॉस्पिटलचा पलंग विजेवर वरखाली होतो. वीज गेल्यावर कुणाला पहिल्यांदा फोन, कुणाकडे पोर्टेबल सिलिंडर आहे, कुणाला मुलं येऊन नेतील, अशी क्लायंटची वर्गवारी नावानिशी कागदावर हवी आणि नवा क्लायंट आला की बदलायला हवी.

माणसं नेमण्याबद्दल. ‘फक्त आपल्या मराठी बायका घेणार’ असं तुम्ही लिहिलंय. भावना कळते. आजींना रात्री पाणी हवं असतं तेव्हा इंग्रजी सुचत नाही. पण जाहिरातीत किंवा मुलाखतीत ‘महाराष्ट्रीय हवी’ म्हणणं हा राष्ट्रीय मूळ बघून केलेला भेदभाव ठरतो, चार माणसांच्या कंपनीलाही तो कायदा लागतो. ‘मराठी किंवा हिंदी बोलता येणं आवश्यक’ ही अट, जिथे कामाला ती भाषा खरोखर लागते तिथे, ठेवता येते. भाषा विचारा, गाव विचारू नका. आणि सुनेच्या बाळंतपणाला व्हिजिटर व्हिसावर आलेल्या मावशी ‘चार पैसे मिळतील’ म्हणून चौकशी करतील, तेव्हा हात जोडून नाही म्हणा. अमेरिकेत काम करण्याची परवानगी तपासणारा आय-९ फॉर्म प्रत्येकीचा भरायचा. तुमच्यासारखाच विचार करणाऱ्या आणि एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या वाचकांसाठी: ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असेल तर स्वतःचा व्यवसाय करता येतो, नसेल तर नाही. एच-१बीवर असलेल्या जोडीदाराने कंपनीचा हिस्सा घेणं आणि संध्याकाळी बसून शेड्यूल लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेड्यूल लावणं हे काम धरलं जातं.

केअरगिव्हरना १०९९ वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, ठेवू नका. वेळ तुम्ही ठरवता, घर तुम्ही ठरवता, कसं करायचं ते तुम्ही शिकवता, म्हणजे त्या तुमच्या नोकरदार आहेत. त्यांना डब्ल्यू-२, म्हणजे पगारदाराचा कर-फॉर्म. टेक्सासमध्ये खासगी मालकाला वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावरच्या दुखापतीचा विमा, सक्तीचं नाही, आणि नवे मालक तिथे पैसे वाचवतात. पण या कामात पाठ धरणं ही रोजची दुखापत आहे, आणि विमा न घेणाऱ्या मालकाला कोर्टात ‘चूक तिचीही होती’ हा बचावही करता येत नाही. घ्या. सोबत जनरल आणि प्रोफेशनल लायबिलिटी विमा, केअरगिव्हर स्वतःच्या गाडीने क्लायंटला डॉक्टरकडे नेणार असेल तर नॉन-ओन्ड ऑटो, म्हणजे कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या गाडीचा विमा.

पैशांचं गणित नमुन्यादाखल मांडते, आकडे तुमच्या भागातल्या दरांप्रमाणे बदला. क्लायंटकडून तासाला ३२ डॉलर, केअरगिव्हरला १७. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा मालकाचा हिस्सा ७.६५ टक्के, म्हणजे १.३०. बेकारी कर, विमा, सॉफ्टवेअर मिळून तासाला २.२० धरा. उरले साडेअकरा. ऑफिस, फोन, हिशेबनीस, प्रशिक्षण, जाहिरात आणि पर्यायी ॲडमिनिस्ट्रेटरचा अर्धवेळ पगार मिळून महिन्याला ६,९०० होत असतील, तर ते भागवायला महिन्याला ६०० तास हवेत. आठवड्याला वीस तास घेणारे सात क्लायंट. तुमचा स्वतःचा पगार यात अजून आलेलाच नाही.

आता हेच गणित ओव्हरटाइमने कसं मोडतं बघा. एका आजींना एकच बाई आवडते. ती आठवड्याला ६० तास जाते, दोघी खूश. ४० च्या वरच्या वीस तासांना दीडपट, म्हणजे १७ चे साडेपंचवीस होतात आणि तासाला साडेअकराऐवजी दोन डॉलर पस्तीस सेंट उरतात. एजन्सीच्या केअरगिव्हरना ओव्हरटाइम देण्याचा केंद्रीय नियम २०१५ पासून लागू झाला. जुलै २०२५ मध्ये कामगार खात्याने तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, पण त्या आशेवर दर लावू नका. करारातच लिहा की ४० च्या वर तास हवे असतील तर दुसरी बाई येईल, किंवा दर वाढेल. आणि दुसरी बाई पहिल्या आठवड्यापासून ओळखीची करून द्या, आठवड्यातून एक शिफ्ट तरी तिची ठेवा. पहिलीची गाडी सकाळी साडेपाचला सुरू झाली नाही, तेव्हा आजोबा होयर लिफ्टशिवाय (माणूस उचलायचं यंत्र) पलंगावरून उठू शकत नाहीत आणि मुलगी साडेसातला ऑफिसला निघणार आहे. त्या सकाळी कोण जाणार? बदली सेवेची सोय करणं हा लायसन्सचाही भाग आहे, पण फोन येईल तो राज्याचा नसेल, त्या मुलीचा असेल.

क्लायंटकडून दोन आठवड्यांचं डिपॉझिट घ्या. लाँग टर्म केअर इन्शुरन्सवाल्यांचे पैसे उशिरा येतात. त्यांना लायसन्सची प्रत, केअर प्लॅन आणि रोजच्या नोंदी लागतात, आणि एका दिवसाची नोंद राहिली तर पूर्ण बिल अडवून ठेवतात. केअरगिव्हरचा पगार मात्र शुक्रवारी द्यायचाच. ९० हजारांतले निदान ४० हजार फक्त या पगारांसाठी वेगळ्या खात्यात असू द्या. मेडिकेडचे, म्हणजे टेक्सासच्या स्टार+प्लस या मेडिकेड योजनेचे, क्लायंट दुसऱ्या वर्षी बघा: दर कमी, विमा कंपन्यांशी वेगवेगळे करार, आणि प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक हजेरी जुळली नाही तर त्या भेटीचे पैसे नाहीत.

फ्रँचायझीबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. नाव, सॉफ्टवेअर, प्रशिक्षण मिळतं, लायसन्स तुमचं तुम्हालाच काढावं लागतं, आणि रॉयल्टी नफ्यावर नसते, बिलावर असते. त्यापेक्षा एक स्वस्त पर्याय आहे. सहा महिने एखाद्या पीएएस एजन्सीत शेड्यूलरची नोकरी धरा. पहाटेचे फोन, रद्द झालेल्या शिफ्टा, बिलं मागणं, सगळं दुसऱ्याच्या पैशांनी शिकता येईल. नोकरी घेताना सही करण्याआधी मात्र तिथली नॉन-कॉम्पीट (नंतर स्पर्धक धंदा न करण्याची) आणि क्लायंट न नेण्याची कलमं वाचा. सहा महिन्यांनंतरही पहाटेचा फोन उचलावासा वाटला, तर अर्ज भरा. डे केअरच्या अनुभवामुळे तुम्ही आजही पात्र आहात, त्यामुळे थांबण्यात काही गमावत नाही.

राहिले सल्लागाराला दिलेले हजार डॉलर. ईमेलने परत मागा. त्यात लिहा की तुम्ही मेडिकेअरसाठी अर्ज करणार नाही आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून दुसऱ्या कुणाचंही नाव द्यायला तुमची संमती नाही. त्याच दिवशी ट्युलिपवर तुमच्या नावाने खातं उघडलं गेलंय का ते तपासा. पॅकेजवाले अनेकदा स्वतःचाच ईमेल आणि फोन नंबर टाकून खातं उघडतात. तसं झालं असेल तर एचएचएससीची लायसन्ससंबंधीची पत्रं, त्रुटींची यादी, नूतनीकरणाची आठवण, सगळं त्याच्याकडे जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. ईमेल बदला, पासवर्ड बदला, मगच पुढचा फॉर्म उघडा.